महाराजांचे पहिले पूर्ण वाक्य

मुलांनो, सरकून बसा. ज्याला शेपटी असेल त्याने ती आत घ्यावी, म्हणजे मागून येणाऱ्याचा पाय पडणार नाही.

तर एका जंगलात एक विद्यालय होते, आणि त्या विद्यालयात यमूताई खवले नावाच्या खवलेमांजर-बाई शिकवायला होत्या. खवलेमांजर तुम्ही पाहिले नसेल. डोक्यापासून शेपटीपर्यंत अंगभर कौले घातल्यासारखे खवले, आणि तोंड एवढेसे. कुणी आवाज चढवला की ते अंगाचा चेंडू करून घेते. यमूताईंचेही तसेच होते. शिक्षकांच्या सभेला त्या बहुतेक वेळ चेंडूच्याच रूपात हजर असत, आणि चेंडू काही बोलत नाही म्हणून ठराव एकमताने मंजूर होत.

त्यांचा विषय होता ‘औपचारिक भाषा आणि स्वयंयंत्रे’.

नाव ऐकून घाबरू नका. जंगलातली पोरे घाबरत, पण गोष्ट तशी सोपी होती. आपण रोज बोलतो ती भाषा ऐसपैस असते. अर्धे बोलले तरी आईला कळते. नुसते हुंकारले तरी मित्राला कळते. औपचारिक भाषेत ते चालत नाही. कोणत्या शब्दामागे कोणता शब्द यायचा हे तिथे आधीच ठरलेले असते. तसे आले तर वाक्य मान्य. एक शब्द इकडचा तिकडे झाला की अमान्य. आणि मान्य की अमान्य एवढेच सांगणारे, डोके न चालवणारे पण अत्यंत प्रामाणिक असे जे यंत्र, ते स्वयंयंत्र.

हे शिकवायला यमूताई एक बेडूक वापरत. त्याचे नाव सदाशिव.

ओढ्याच्या काठी त्यांनी दगड मांडले होते. त्या एकेक शब्द उच्चारत आणि सदाशिव त्या शब्दासाठी ठरलेल्या दगडावर उडी मारी. वाक्य संपले तेव्हा तो पांढऱ्या दगडावर असेल तर वाक्य मान्य. मध्येच भलता शब्द आला तर उडी थेट चिखलात. आणि चिखलातून वाट नाही. पुढे तुम्ही कितीही गोड बोला, वाक्य संपेपर्यंत सदाशिव चिखलातच.

“बेडकाला वाक्याचा आकार कळतो,” यमूताई सांगत. “अर्थ कळत नाही. एवढं समजलं तर सगळं समजलं.”

पोरे हे उतरवून घेत. परीक्षेत जसेच्या तसे लिहीत आणि मार्क मिळवत. मग ओढ्यावर जाऊन सदाशिवाला विचारत, “काय रे, बाईंच्या बोलण्याचा अर्थ तुला तरी कळतो का?”

यमूताईंची फार मोठी इच्छा नव्हती. कधीतरी, एखाद्याच विद्यार्थ्याच्या डोळ्यांत ते लखकन चमकलेले बघावे, एवढेच त्यांना वाटे. सशांच्या कितीतरी पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या, आणि सशांच्या पिढ्या भराभर येतात. कुणाच्या डोळ्यांत काही चमकले नाही. एकदा एका रानमांजराच्या डोळ्यांत चमकले होते. पण ते बेडकाकडे बघत होते.

आता त्या जंगलाच्या राजाकडे वळू. राजा होता सिंह, वज्रनख महाराज. महाराज दयाळू होते. फक्त दुपारच्या झोपेच्या आड येईल इतकी दया त्यांना झेपत नसे. आणि लोक नेमके दुपारीच येत. कुणाचे बीळ बुडाले, कुणाची अंडी गेली, कुणाच्या शेजारी रात्रभर कोल्हेकुई चालते. गुहेच्या तोंडाशी सारखी रीघ.

महाराजांचा प्रधान होता तरसोजी. तरस हसते, हे तुम्ही ऐकले असेल. महाराजांचे वाक्य अर्ध्यावर आले की तरसोजी हसायला लागे. उरलेले अर्धे कुणाला ऐकू जात नसे, आणि महाराजांनाही ते बोलण्याची तसदी पडत नसे.

“तरसोजी, ही दुपारची कटकट...” महाराज एकदा म्हणाले.

तरसोजी हसला आणि कामाला लागला. त्याने चौकशी केली, आणि यमूताईंना दरबारात बोलावणे गेले.

त्या आल्या त्या चेंडू होऊनच. महाराजांनी पंजाने चेंडू हळूच आपल्याकडे वळवला.

“खवलेबाई, दारावर एक द्वारपाल हवा. लाच न खाणारा, ओळखपाळख न बघणारा. तुमच्याकडे म्हणे तसं काहीतरी...”

चेंडू थोडा उघडला. “आहे, महाराज. पण तो बोलण्याचा आकार बघतो. अर्थ बघत नाही.”

तरसोजी हसला. “बाई, दरबारात आजवर अर्थ कुणी बघितलाय?”

यमूताईंना खरे तर हे पुन्हा एकदा, नीट समजावून सांगायचे होते. पण मुलांनो, आपला विषय कुणाच्या तरी कामाला येतोय हे ऐकून शिक्षकाचे जे होते, ते त्यांचे झाले. त्या आनंदाने पुन्हा गुंडाळल्या गेल्या. जे सांगायचे होते ते चेंडूच्या आतच राहिले.

गुहेसमोर दगड मांडले गेले. गुहेच्या तोंडाला एक मोठा धोंडा लावला, आणि धोंडा सरकवायला एक गवा नेमला. सदाशिव पांढऱ्या दगडावर पोचला तर गव्याने धोंडा बाजूला करायचा. चिखलात गेला तर सदाशिवाला नाकाने उचलून पुन्हा पहिल्या दगडावर बसवायचे आणि पुढच्याला बोलवायचे. आतून दार उघडायची सोय ठेवली नव्हती, कारण आत आलेल्याला बाहेर जायचे असेल तेव्हा गवा माणुसकीने उघडीत असे.

सुतारपक्ष्याने खोडाखोडावर दवंडी पिटली. आधी ‘जय महाराज’ म्हणावे. मग आपण कोण ते. मग काय हवे ते. मग ‘मागतो’ किंवा ‘मागते’. शेवटी पुन्हा ‘जय महाराज’. एक शब्द जास्त नको, एक कमी नको.

पहिला मान साळिंदराचा होता. “जय महाराज. साळिंदर न्याय मागते. जय महाराज.” सदाशिव टुणटुण उड्या मारत पांढऱ्या दगडावर बसला. गव्याने धोंडा सरकवला. जमलेल्या जनावरांनी शेपट्या आपटून आनंद केला. यमूताई एका झुडपाआडून बघत होत्या. त्यांना इतके बरे कधीच वाटले नव्हते.

पुढे मात्र गंमत झाली. ज्याच्यावर काही ओढवले आहे, तो व्याकरणाने बोलत नाही. एक बुलबुल आली. तिचे घरटे वाऱ्याने पडले होते. “जय महाराज” इथपर्यंत ती नीट आली आणि मग तिला हुंदका फुटला. हुंदक्यासाठी दगड मांडलेला नव्हता. सदाशिव चिखलात गेला.

हुप्पे नावाचा एक वानर हे सगळे झाडावरून बघत होता. तो खाली उतरला आणि म्हणाला, “जय महाराज. ढेकूण चंद्र मागतो. जय महाराज.”

पांढरा दगड. धोंडा सरकला. हुप्पे आत गेला, गार सावलीत पाय पसरून बसला आणि दोन उंबरे खाऊन झोपला.

मग काय विचारता. हुप्पेने शिकवणी काढली. ओंजळभर जांभळे घेऊन तो हमखास दार उघडणारी वाक्ये पाठ करून घेई. ‘उंदीर डोंगर मागतो.’ ‘घोरपड रविवार मागते.’ उन्हाने कंटाळलेले झाडून सगळे रिकामटेकडे गुहेत जाऊन पडू लागले. त्यांची कसलीच तक्रार नव्हती, त्यामुळे ते महाराजांना उठवत नसत. आणि ज्यांची तक्रार होती ते बाहेर चिखलाकडे बघून परत जात.

महाराजांना अशी झोप कितीतरी दिवसांत लागली नव्हती.

“जंगलातल्या तक्रारी जवळजवळ संपल्या,” तरसोजीने जाहीर केले. यमूताईंचा सत्कार झाला. शाल खवल्यांवरून सारखी घसरत होती आणि त्या ती सारखी सावरत होत्या. खोटे कशाला बोला, त्या दिवशी त्या खूश होत्या.

मग गोदाचे प्रकरण घडले.

गोदा ही एक हरिणी. तिचे पाडस करवंदीच्या जाळीमागच्या जुन्या खड्ड्यात पडले. खड्डा खोल, कडा उभ्या. पाडस उड्या मारी आणि परत खाली पडे. गोदा जीव खाऊन गुहेकडे पळाली.

“महाराज, माझं पाडस खड्ड्यात पडलंय, कुणीतरी चला हो...”

‘जय’च्या जागी ‘महाराज’ आले. सदाशिव चिखलात.

गव्याने त्याला उचलून पहिल्या दगडावर ठेवले. गोदाने गव्याकडे बघितले, पुन्हा सुरुवात केली. “जय महाराज, लवकर या, त्याचा पाय...”

चिखल.

गव्याला कळत होते, मुलांनो. गवा काही दगड नव्हता. पण त्याला बेडकाकडे बघायला नेमले होते, हरिणीकडे बघायला नाही. तो मान खाली घालून बेडकाकडे बघत राहिला.

यमूताई त्या वेळी आपले दगड नीट आहेत ना, हे बघायला आल्या होत्या. त्यांनी हे ऐकले. त्या गोदाच्या मागोमाग करवंदीच्या जाळीकडे निघाल्या. खवलेमांजराला पळता येत नाही, पण खणता येते, आणि खणायला लागले की भलेभले बघत राहतात. त्यांनी खड्ड्याची एक कड नखांनी पोखरून उतार केला. माती अंगावर ढासळत होती, तरी खणत राहिल्या. ऊन कलायच्या आत पाडस लंगडत वर आले आणि गोदा त्याला चाटत बसली.

यमूताई मातीने माखल्या होत्या. काहीतरी बोलायला हवे म्हणून त्या म्हणाल्या, “गोदे, दाराचं तसं चुकलं नाही गं. ते आकार बघतं. अर्थ काही त्याला...”

“दाराचं राहू द्या, बाई,” गोदा मान वर न करता म्हणाली. “तुम्ही काय बघता?”

ती रागावली नव्हती. आवाजही चढवला नव्हता. यमूताईंचे अंग आपोआप गुंडाळायला लागले, आणि त्यांनी ते मोठ्या कष्टाने थांबवले. असे त्यांनी पूर्वी कधी केले नव्हते. मग त्या तशाच मातीच्या अंगाने गुहेकडे गेल्या.

“जय महाराज. खवलेमांजर भेट मागते. जय महाराज.”

धोंडा सरकला. आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे रिकामटेकडे पसरलेले. त्यांच्या पलीकडे महाराज घोरत होते. तरसोजीने यमूताईंना मध्येच अडवले.

“दाराचे नियम बदलायला हवेत,” यमूताई म्हणाल्या.

“कशाला? आता तक्रारीच येत नाहीत.”

“तक्रारी आहेत, प्रधानजी. त्या बाहेर आहेत.”

“बाई, बाहेर राहते तिला तक्रार म्हणत नाहीत. आत येते तिला तक्रार म्हणतात.” आणि तो हसला.

यमूताई परत फिरल्या. त्या संध्याकाळी त्यांनी मुंग्याही खाल्ल्या नाहीत.

पुढे उन्हाळा तापला. गुहेत इतकी गर्दी झाली, की घामाच्या आणि उंबरांच्या वासाने खुद्द महाराजांची झोप मोडली. ते उठले आणि नदीवर डुंबायला गेले. बऱ्याच दिवसांनी बाहेर पडले होते. छान डुंबले, आयाळ झटकली, आणि टळटळीत दुपारी परत आले.

धोंडा लागलेला होता.

“उघड,” महाराज गव्याला म्हणाले.

सदाशिव चिखलात गेला.

“अरे, आम्ही...”

गव्याने सदाशिवाला उचलून पहिल्या दगडावर ठेवले आणि तो पुन्हा चिखलात गेला. महाराजांनी डरकाळी फोडली. पानोपान हलले. डरकाळीसाठीही दगड मांडलेला नव्हता.

महाराज गव्याकडे बघू लागले. गवा बेडकाकडे बघू लागला. हुकूम महाराजांचाच होता, की बाहेरून येणाऱ्यासाठी बेडूक सांगेल तरच धोंडा हलवायचा. आणि गव्याच्या अंगावर जाण्याआधी सिंहालाही दोनदा विचार करावा लागतो. महाराजांना तर एकदाही विचार करायची सवय नव्हती.

धोंड्याच्या फटीतून तरसोजीचे नाक दिसले. “महाराज, ‘जय महाराज’ म्हणा.”

“आम्हीच आमचा जय म्हणायचा?”

“मनात म्हणताच की. जरा मोठ्यानं म्हणा.”

“जय महाराज,” महाराज म्हणाले. सदाशिव पुढे सरकला. “आम्ही...”

चिखल. ‘आम्ही’ नावाचे जनावर यादीत नव्हते.

“सिंह म्हणा, महाराज, सिंह.”

“जय महाराज. सिंह घर...” आणि महाराज थांबले. नेहमीप्रमाणे कुणीतरी हसेल आणि काम होईल म्हणून वाट बघत राहिले. सदाशिव एका दगडावर बसून पुढच्या शब्दाची वाट बघत राहिला. ऊन रणरणत होते. आता आजूबाजूला बरीच जनावरे जमली होती, आणि हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आले, की महाराजांनी जन्मात कधी वाक्य पूर्ण केलेलेच नाही. क्रियापदापर्यंत जायची पाळीच त्यांच्यावर आली नव्हती. त्यातून ‘मागतो’ हे क्रियापद तर त्यांच्या घराण्यात कुणीच उच्चारलेले नव्हते.

महाराजांच्याही ते लक्षात आले. ते कुणाकडेही न बघता वळले आणि ओढ्याच्या वाटेने चालू लागले.

ओढ्यावर यमूताईंचा तास चालू होता. सिंह दिसताच ससे बिळांत गेले. फळ्यापाशी एक चेंडू तेवढा उरला. महाराज त्या चेंडूसमोर मांडी घालून बसले.

“बाई, उघडा. आज आम्हाला सगळंच बंद...”

कुणी हसले नाही. ओढा वाहत होता. चेंडू बराच वेळ तसाच राहिला आणि मग हळूहळू उघडला.

“शिकायचंय?” यमूताईंनी विचारले.

महाराजांनी मान हलवली.

“मग बेडूक व्हा.”

दुसऱ्या कुणी हे म्हटले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण महाराजांचे पाय भाजले होते. ते उठून पहिल्या दगडावर उभे राहिले. यमूताईंनी कोणत्या शब्दाला कोणता दगड ते दाखवले आणि त्या बोलू लागल्या.

“जय महाराज. हरिणी पाडस मागते. जय महाराज.”

महाराज दगडावरून दगडावर जात नीट पांढऱ्या दगडावर पोचले. त्यांना मौज वाटली.

“आता पुन्हा पहिल्यावर या. मी दुसरं बोलते.” यमूताईंनी श्वास घेतला. “महाराज, माझं पाडस खड्ड्यात पडलंय...”

पहिलाच शब्द भलता. महाराजांना चिखलात उतरावे लागले. यमूताई मात्र थांबल्या नाहीत. “कुणीतरी चला हो. ते वर उडी मारतंय आणि परत पडतंय. त्याचा पाय दुखावलाय. मला खाली उतरता येत नाही. महाराज, ते माझ्याकडे बघतंय.”

महाराज चिखलातून बाहेर यायला निघाले.

“तिथेच थांबा,” यमूताई म्हणाल्या. “चिखलातून वाट नाही.”

“पण बाई, तिचं पाडस...”

“बेडकाला पाडस माहीत नाही.”

“मला माहीत आहे ना.”

“तुम्ही आत्ता बेडूक आहात, महाराज.”

महाराज चिखलात उभे राहिले. पायांत चिखल थंड होता, डोक्यावर ऊन होते. त्यांनी विचारले, “ही खरंच आली होती?”

“आली होती.”

“मी कुठे होतो?”

“आत. झोपला होतात.”

“आणि पाडस?”

“आहे. लंगडतंय थोडं.”

महाराज मग अगदी सावकाश, शब्द चाचपडत बोलू लागले. “म्हणजे बाई, बेडकाचा दोष नाही. त्याला आकारच दिसतो. तो चोख काम करतो. पण अर्थ दुसऱ्या कुणीतरी बघायचा असतो. आणि तो दुसरा कुणीतरी...”

त्यांनी वाक्य सोडले. पण या वेळी ते सवयीने सोडले नव्हते.

त्यांच्या डोळ्यांत लखकन काहीतरी चमकले होते. यमूताईंनी ते बघितले. इतकी वर्षे ज्याची वाट बघितली ते आले होते, आणि तेही सिंहाच्या डोळ्यांत, चिखलात उभे असताना. त्यांनी शाबासकी दिली नाही. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून एक टिपूस ओघळले, तेवढेच.

“बाहेर या आता,” त्या म्हणाल्या. “क्रियापदाचा सराव करू.”

क्रियापदाने मात्र घाम काढला. “माग...” इथवर महाराज येत आणि घसा खाकरत. यमूताई म्हणत, “पुन्हा.” बिळांतून ससे डोकी काढून बघत होते, आणि ‘तो’ आला रे आला की तेही सुटकेचा श्वास टाकत.

उन्हे उतरता उतरता दोघे गुहेपाशी आले. सगळे जंगल गोळा झाले होते. गोदाही होती, तिच्या पायांत तिचे पाडस होते. महाराज पहिल्या दगडासमोर उभे राहिले. त्यांनी एकदा पाडसाच्या पायाकडे बघितले.

“जय महाराज,” ते म्हणाले. “सिंह घर मागतो. जय महाराज.”

सदाशिव पांढऱ्या दगडावर बसला. गव्याने धोंडा सरकवला. आतून तरसोजी हसला, पण वाक्य आधीच पूर्ण झाले होते. ते हसू कुठे बसवावे हे कुणाला कळेना, आणि ते हवेतच विरले.

महाराजांनी आधी सगळ्या रिकामटेकड्यांना बाहेर काढले. हुप्पे सर्वांत पुढे पळाला. मग ते तरसोजीला म्हणाले, “हे दगड उचला. यापुढे आम्ही स्वतः ऐकू.”

“दगड उचलले तर योजना फसली असं होईल, महाराज. आपण सुधारणा करू. महाराज जे बोलतील ते मान्य, असा नियम घालू.”

“पण बेडकाला कोण बोलतंय ते कळत नाही,” यमूताई म्हणाल्या. “तो नियम घातला तर कुणीही काहीही बोललं तरी मान्य करावं लागेल.”

“मग तसं करा.”

“त्याला एकच दगड पुरतो. पांढरा. बेडूक त्यावर बसून राहील आणि दार कायम उघडं राहील.”

“अशा यंत्राला शास्त्रात काय म्हणतात?” तरसोजीने विचारले.

“शास्त्रात यालाही यंत्रच म्हणतात,” यमूताई म्हणाल्या. “बाकी सगळे भोक म्हणतात.”

सुधारित दाराचे थाटात उद्घाटन झाले. तरसोजीने फीत कापली. गवा चरायला गेला आणि त्याची तब्येत सुधारली. सदाशिव पांढऱ्या दगडावर बसून माश्या खाऊ लागला. लोक दुपारी येत, रडत, अडखळत, भलतेच काहीतरी सांगत, आणि महाराज ऐकत. सगळेच ऐकणे त्यांना जमे असे नाही. कधी जांभई देत, कधी वैतागत. पण बुलबुलीचे घरटे त्यांनी जातीने उभे करून दिले. ते वाकडे झाले होते. बुलबुल त्यातच राहायला गेली.

विद्यालयाची सभा भरली. सभेत असे निघाले, की जे यंत्र आता एका दगडावर आले आहे त्यात शिकवण्यासारखे काय उरले? शिवाय महाराजांसारख्या कामात असलेल्यांना जो विषय एका दुपारी येतो, तो अवघड आहे असे कसे म्हणावे? सभेच्या एका कोपऱ्यात चेंडू होता. ठराव एकमताने मंजूर झाला. ‘औपचारिक भाषा आणि स्वयंयंत्रे’ हा विषय बंद. यमूताई यापुढे ‘प्रभावी संभाषण’ शिकवतील.

त्या शिकवू लागल्या. वर्गात येत, पोरे गलका करत, त्या चेंडू होत. पोरांना हा विषय फार आवडला. या बाई समोरच्याचे शांतपणे ऐकून घेतात, अशी त्यांची ख्याती झाली.

एका संध्याकाळी महाराज त्यांच्या बिळाशी आले. बरोबर प्रधान नव्हता. जाग्रणाने डोळे ओढले होते. ते बाहेर मातीतच बसले.

“बाई, एक विचारायचं होतं. बेडकाला मागचं काहीच आठवत नाही, फक्त आत्ताचा दगड तेवढा ठाऊक असतो. त्याला मागचं आठवायला हवं असेल तर काय करावं लागतं?”

यमूताई बिळातून बाहेर आल्या. इतका चांगला प्रश्न त्यांना कुणी कधी विचारला नव्हता.

“त्याला एक टोपली द्यावी लागते, महाराज. येईल ते त्यात टाकायचं आणि लागेल तसं वरून काढायचं. पुढचा सगळा भाग टोपलीचाच आहे.”

“मग शिकवा.”

“विषय बंद झालाय.”

“कुणी केला?”

“हुकमावर पंजा तुमचा आहे.”

महाराजांनी आपला पंजा उलटासुलटा करून बघितला.

“आम्ही तो वाचला नव्हता, बाई,” ते म्हणाले. “ओळी सरळ होत्या, खाली पंजापुरती जागा होती. म्हणून उठवला.”

यमूताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग बिळात गेल्या आणि टोपली शोधू लागल्या.

तात्पर्य : मुलांनो, जो विषय कुणालाच कळत नाही तो अभ्यासक्रमात सुखाने नांदतो. पण तो खरोखर समजलेला एक जरी विद्यार्थी निघाला, की विषय बंद पडतो आणि बाईंच्या गळ्यात दुसरा विषय पडतो. तेव्हा आपल्या शिक्षकांवर तुमचे प्रेम असेल, तर सांगितलेले मुकाट्याने उतरवून घ्या, परीक्षेत तसेच लिहा, आणि समजून घेण्याच्या भानगडीत पडू नका.